बावीस मॅचची वही: बेसबॉलचा स्कोअर पिचरच्या बाजूनं कसा लिहावा

साहित्य आधी सांगते. दोनशे पानी चौकटीची वही, शाळेत गणिताला लागते तीच. दोन शिसपेन्सिली, चांगलं खोडरबर, एक लाल पेन. टीव्ही असला तर बरं, नसला तर रेडिओ चालेल, आणि तोही नसला तर मॅचचा बॉक्स स्कोअर, म्हणजे मॅचच्या आकड्यांचा तक्ता. बेसबॉल रेफरन्स या संकेतस्थळावर जुन्या मॅचचे बॉक्स स्कोअर फुकट मिळतात. मांडीवर बाळ असलं तर वही डाव्या गुडघ्यावर ठेवायची. माझ्या मांडीवर होतं, म्हणून सांगते.

मी सांगलीची, हायस्कूलला गणित शिकवायचे. मुलांच्या क्रिकेटला स्कोअर लिहायला कुणी तयार नसायचं, ते काम बाईंच्या गळ्यात पडलं आणि मग आवडायलाच लागलं. घरी रेडिओवर बाळ ज. पंडितांची कॉमेंट्री लागली की आपोआप पेन्सिल उचलली जायची. 2017 च्या ऑगस्टमध्ये लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेत, ओहायोतल्या क्लीव्हलँडला गेले. 19 तारखेला नातू झाला. सोयर असल्यानं त्या वर्षी तिथल्या घरी गणपती बसवला नाही, त्यामुळे संध्याकाळी मोकळ्या. 24 ऑगस्टला हरतालिका. उपासाची केळी खात बसले होते, जावईबापूंनी टीव्ही लावला. क्लीव्हलँड इंडियन्स विरुद्ध बॉस्टन रेड सॉक्स. नाव ऐकून मला क्षणभर वाटलं, आपलीच पोरं! तसं काही नव्हतं. ते नाव तिथल्या मूळ रहिवाशांवरून पडलेलं. त्यावर बरीच वर्षं वाद झाला आणि 2022 च्या हंगामापासून टीमचं नाव गार्डियन्स झालं. मी मात्र त्या वर्षीच्या गोष्टीत त्या वर्षीचंच नाव वापरणार.

ती मॅच इंडियन्सनी 13-6 जिंकली. पुढं 14 सप्टेंबरपर्यंत ते हरलेच नाहीत. सलग 22. तिथल्या दोन मोठ्या लीगांपैकी एक अमेरिकन लीग, तिच्यात एवढी लांब विजयमालिका त्याआधी कुणी केली नव्हती. 2002 मध्ये ओकलंडनं 20 जिंकल्या होत्या, तो विक्रम मोडला. मी पहिल्या दिवशी स्कोअर लिहिला तो क्रिकेटसारखा, आणि चुकला. शेजारी एक म्हातारबुवा राहायचे, पोलादाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, चाळीस वर्षं स्कोअर लिहिणारे. कुंपणापलीकडून बागेतली भाजी द्यायचे आणि माझ्या वहीत डोकावून मान हलवायचे. पुढं जे सांगतेय त्यातलं निम्मं त्यांचं, निम्मं माझ्या चुकांचं.

पहिली चूक तुम्ही करू नका म्हणून आधी शब्द. आपल्याकडं टाकला तो बॉल. इथं टाकलेल्याला पिच म्हणतात, टाकणाऱ्याला पिचर, आणि बॉल म्हणजे वाईट टाकलेला, पट्ट्याबाहेरचा, ज्यावर बॅटरनं बॅट फिरवली नाही तो. चार बॉल झाले की बॅटर चालत पहिल्या बेसवर जातो, तो वॉक. तीन स्ट्राइक झाले की आउट. फाउल मारला तर पहिले दोन स्ट्राइक धरतात, तिसरा धरत नाहीत, म्हणून एकेक बॅटर आठ-दहा पिच खातो. पट्टा म्हणजे स्ट्राइक झोन: रुंदीला होम प्लेटएवढा (बॅटरजवळ जमिनीत बसवलेली पाटी), 17 इंच, उंचीला गुडघ्याखालच्या खळगीपासून खांदा आणि पँटची वरची कड यांच्या मध्यापर्यंत. आपल्या स्टंपांसारखं तिथं काही उभं नसतं. ती चौकट अंपायरच्या डोक्यात असते. टीव्हीवर काढलेली चौकट अंपायरला दिसत नाही, तेव्हा तिच्यावरून त्याला शिव्या घालायच्या नाहीत.

आता पान आखा. डावीकडं नऊ बॅटरांची नावं एकाखाली एक. वरती आडवे नऊ इनिंग (एका टीमचे तीन आउट होईपर्यंतची पाळी), शिवाय दोन रकाने जास्तीचे ठेवा. मी ते ठेवले नव्हते, आणि बाविसावी मॅच दहाव्या इनिंगमध्ये गेली. प्रत्येक बॅटरच्या प्रत्येक पाळीला चार चौकटींचा एक चौक द्या. त्यात मधोमध बारीक पतंग काढायचा, म्हणजे मैदान. बॅटर जितके बेस गेला तितक्या बाजू गडद करा. चारही बाजू फिरून रन झाला तर पतंग पूर्ण भरा. दोन्ही टीमना एकेक पान. आणि लक्षात ठेवा, पिचरचं काम समोरच्या टीमच्या पानावर दिसतं. इंडियन्सची मालिका समजून घ्यायची तर इंडियन्सच्या बॅटिंगचं पान नंतर. आधी रॉयल्सचं, टायगर्सचं पान उघडायचं.

फील्डरांना आकडे असतात, ते पाठच करा: पिचर 1, कॅचर 2, पहिला बेस 3, दुसरा 4, तिसरा 5, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला) 6, मग डावीकडून उजवीकडं आउटफील्ड 7, 8, 9. शॉर्टस्टॉपनं उचलून पहिल्या बेसला फेकला तर 6-3. त्या वर्षी क्लीव्हलँडचा 6 म्हणजे फ्रान्सिस्को लिंडोर, तेव्हा 6-3 लिहिताना माझा हात आपोआप वेगानं चालायचा. झेल असेल तर नुसता फील्डरचा आकडा. स्ट्राइकआउटला इंग्रजी के अक्षर. बॅट फिरवून हुकला तर सरळ, नुसता बघत राहिला तर उलटा, आरशात दिसतो तसा. उलटा के मी लाल पेनानं लिहायचे. फलंदाज उभाच राहतो आणि आउट होतो, यासारखं सुख गोलंदाजाच्या बाजूनं स्कोअर लिहिणाऱ्याला दुसरं नाही. कितवा आउट ते कोपऱ्यात लिहून त्याला गोल करा.

इतकं आलं की स्कोअर लिहिता येतो. बहुतेक लोक इथंच थांबतात. पण पिचिंग दिसायचं असेल तर आणखी चार खुणा लागतात, आणि माझ्या मते खरी गंमत तिथून पुढंच आहे.

पहिली खूण ठिपक्याची. बॅटरला टाकलेली पहिलीच पिच स्ट्राइक पडली तर चौकाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात ठिपका. बस, एवढंच. पहिला स्ट्राइक मिळाला की पिचर मोकळा होतो. हवं तर पट्ट्याबाहेर टाकून बॅटरला भुलवू शकतो. पहिला बॉल पडला की त्याला पट्ट्यात यावंच लागतं आणि बॅटरला ते माहीत असतं. मॅच संपल्यावर पान लांब धरून बघा. ठिपके दाट असतील तर वर काय स्कोअर आहे हे न वाचताही पिचरचा दिवस कसा गेला ते कळतं.

दुसरी खूण प्रत्येक इनिंगच्या तळाला: त्या इनिंगमध्ये किती पिच टाकल्या, आणि तिरकी रेघ मारून आतापर्यंतची बेरीज. 12/12, 15/27, 9/36 असं. त्या काळात स्टार्टर, म्हणजे मॅच सुरू करणारा पिचर, साधारण शंभराच्या आसपास पोचला की त्याला काढायची तयारी सुरू व्हायची. पंधराच्या आत इनिंग संपली तर उत्तम, पंचवीसच्या वर गेली तर रन नाही दिला तरी काहीतरी गमावलंय. तीन आले, तिन्ही गेले अशी इनिंग असेल तर मी आपली एम काढायचे, मेडन म्हणून. म्हातारबुवांना ते काय हे कळेना. समजावल्यावर खूष झाले आणि त्यांनीही सुरू केलं.

तिसरी खूण: नऊही नावं दोनदा होऊन तिसरी फेरी सुरू झाली की तिथं लाल रेघ. एकाच पिचरला बॅटर तिसऱ्यांदा भेटतो तेव्हा त्याच्या पिच ओळखीच्या झालेल्या असतात, आणि पिचरही दमलेला असतो. क्रिकेटमध्ये सेट झालेला फलंदाज म्हणतो आपण, इथं अख्खी टीमच हळूहळू सेट होत जाते. मॅनेजर उठून डगआउटच्या पायरीवर उभा राहतो तो बहुधा या रेघेच्या आसपास. क्लीव्हलँडचा तेव्हाचा मॅनेजर टेरी फ्रँकोना उभा राहिला की मी पेन्सिलीला टोक करून घ्यायचे.

चौथी खूण पिचर बदलला की: बॅटरांच्या मधोमध जाड आडवी रेघ, आणि नव्याचं नाव समासात. स्टार्टर गेल्यावर जे येतात ते बुलपेनमधले, मैदानाच्या कडेला वेगळ्या कुंपणात बसून वाट बघणारे. एकदा बाहेर गेलेला पिचर त्या मॅचमध्ये परत येत नाही. आपल्याकडं दुसऱ्या स्पेलला आणतो तसा प्रकार नाही. ही एक गोष्ट डोक्यात बसायला मला चार मॅच लागल्या. तिसऱ्या दिवशी मी जावईबापूंना विचारत होते, अरे, सुरुवातीचा बरा टाकत होता, त्यालाच का देत नाहीत परत?

आता पिचचे प्रकार ओळखायचे म्हणून फार जीव काढू नका. चेंडू टप्पा खात नाही, सगळा फुलटॉस, म्हणून क्रिकेटवाल्याला आधी वाटतं यात काय एवढं. पिचरच्या पायाखालच्या पट्टीपासून होम प्लेटपर्यंत 60 फूट 6 इंच अंतर. आपली खेळपट्टी 66 फुटांची. टप्पा नाही, त्यामुळे जे काही वळायचं ते हवेतच. फास्टबॉल, कर्व्ह, स्लायडर, चेंजअप, एवढे चार सुरुवातीला पुरे. मी प्रकार लिहायचे नाही, फक्त ज्यावर स्ट्राइकआउट झाला ती शेवटची पिच वेडीवाकडी असेल तर त्या के अक्षराला शेपूट काढायचे. क्लीव्हलँडचा पिचर कोरी क्लूबरच्या पानावर शेपट्याच शेपट्या. त्याच्या वळणाऱ्या पिचला कर्व्ह म्हणायचं की स्लायडर यावर जाणकारांचंही एकमत नव्हतं, मग माझ्यासारखीनं कशाला ताण घ्यावा? हा क्लूबर म्हणजे चेहऱ्यावर माशी हलत नाही असा माणूस. तिकडचे लोक त्याला क्लूबॉट म्हणायचे, यंत्रमानव. त्या हंगामात 18 विजय, 4 पराभव, ईआरए 2.25, आणि अमेरिकन लीगचा साय यंग पुरस्कार, सर्वोत्तम पिचरचा, त्यालाच.

ईआरए म्हणजे पिचरनं नऊ इनिंगमागं सरासरी किती रन दिले. फील्डरांच्या चुकीनं गेलेले रन त्यात धरत नाहीत. गणित सोपं: स्वतःच्या खात्यावरचे रन गुणिले नऊ, भागिले इनिंग. एक सावधगिरी: 6.1 इनिंग लिहिलेलं असतं ते सहा पूर्णांक एक दशांश नव्हे. सहा इनिंग आणि एक आउट, म्हणजे सहा पूर्णांक एक तृतीयांश. आपल्याला हे सोपं जावं, कारण 6.1 षटकं म्हणजे सहा षटकं एक चेंडू हे आपण लहानपणापासून वाचतो. तिकडं षटक सहाचं, इथं इनिंग तीनची, एवढाच फरक. चला, हिशेब करूनच बघू. 22 मॅच, प्रत्येकी नऊ इनिंग, 198. शेवटच्या मॅचची जास्तीची एक, 199. एवढ्या इनिंगमध्ये क्लीव्हलँडनं दिलेले रन 37. त्यातले चुकांचे वजा करून पिचरांच्या खात्यावर 35. पस्तीस नव्वे तीनशे पंधरा, भागिले 199. उत्तर 1.58. वर्गात असतं तर फळ्यावर दोनदा रेघ ओढली असती. पूर्ण हंगामाचा त्यांचा ईआरए 3.30 होता, आणि तोही लीगमध्ये सगळ्यांत चांगला. म्हणजे आधीच उत्तम असलेल्या टीमनं तीन आठवडे स्वतःच्या निम्म्यावर काम चालवलं.

बॅटिंग वाईट होती असं नाही. त्यांनी 142 रन काढले. मालिकेत त्यांचे होमरन (आपल्या षटकारासारखे, थेट कुंपणापार) 41 आणि समोरच्यांचे एकूण रन 37, हा आकडा त्या दिवसांत क्लीव्हलँडमध्ये प्रत्येकाच्या तोंडी होता. पण बॅटिंगचं काय, ती एक दिवस येते, एक दिवस येत नाही. माझ्या वहीत 2-1, 3-2, 3-2, 2-0 आणि पुन्हा 3-2 अशी पानं आहेत. दोन-तीन रनांत मॅच जिंकायची तर दुसऱ्या बाजूला कुणीतरी दार लावून बसलेलं असावं लागतं.

मालिका कशी वाचायची, त्यासाठी वहीच्या शेवटच्या पानापासून उलटं लिहायला सुरुवात करा. एका मॅचला एकच ओळ. तारीख, गाव, स्टार्टर, तो किती इनिंग टिकला, किती रन दिले, मागून किती पिचर लागले, निकाल. एवढे सातच रकाने. मॅच संपल्या संपल्या भरा, दुसऱ्या दिवशी भरेन म्हणाल तर राहून जाईल. मी ही ओळ लिहून मगच सांगलीला फोन लावायचे. तिथं रात्रीचे दहा म्हणजे घरी सकाळचे साडेसात, आमचे हे चहा घेत पेपर वाचत असायचे. पहिला प्रश्न बाळाचा, दुसरा इंडियन्सचा.

सात रकान्यांतला सगळ्यांत महत्त्वाचा सहावा, मागून किती पिचर लागले तो. हे मला बाराव्या-तेराव्या ओळीला उमगलं. आजची मॅच आजच्या स्टार्टरनं जिंकली असं आपण म्हणतो, पण बऱ्याचदा ती कालच्या स्टार्टरनं जिंकलेली असते. काल तो आठ इनिंग टाकून गेला म्हणून आज बुलपेनमधले ताजे आहेत. काल तो तिसऱ्याच इनिंगला उडाला असता तर आज सातव्या इनिंगला दमलेला हात आला असता. शेतावर पाण्याची पाळी असते ना, एकानं वेळेत वाफे भिजवले नाहीत की पुढच्या सगळ्यांची पाळी रात्रीत जाते. तसंच हे. पाच स्टार्टरांची पाळी, एकामागून एक, पाचही झाले की पुन्हा पहिला.

याची परीक्षा कधी होते तर डबलहेडरला. 29 ऑगस्टला न्यूयॉर्कमध्ये पावसानं मॅच झाली नाही, म्हणून 30 ला यांकीजविरुद्ध एकाच दिवशी दोन. त्या दिवशी आमच्याकडं बारसं. पाळण्यात नाव ठेवलं, घुगऱ्या वाटल्या, आणि मधेमधे जाऊन मी दोन ओळी भरल्या: 2-1 आणि 9-4. लगेच 1 सप्टेंबरला डेट्रॉइटला टायगर्सशी परत दोन: 3-2 आणि 10-0. तीन दिवसांत चार मॅच. पाच स्टार्टरांच्या पाळीत हे बसत नाही, कुठंतरी ओढाताण होतेच. इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहून ठेवायला हवी: तेव्हाच्या नियमानं 1 सप्टेंबरपासून टीमला खेळाडूंची यादी चाळीसपर्यंत वाढवता यायची, त्यामुळे बुलपेनमध्ये जास्तीचे हात आले. सगळ्यांनाच आले, पण ते कामी कुणाच्या आले हे बघायचं. समासात अशा गोष्टी टिपा, नाहीतर पाच वर्षांनी वही उघडल्यावर नुसते आकडे उरतात.

तसंच समोर कोण होतं तेही टिपा. बावीसपैकी सात विजय टायगर्सवर आणि चार व्हाइट सॉक्सवर, म्हणजे निम्मे. त्या हंगामात टायगर्स 98 हरले आणि व्हाइट सॉक्स 95. दुबळ्यांना हरवलं, असं कुणी म्हटलं तर ते खोटं नाही. मी एवढंच म्हणेन की दुबळ्या टीमही अधूनमधून जिंकतात. टायगर्सनीही त्या वर्षी 64 जिंकल्या. शिवाय न्यूयॉर्क, डेट्रॉइट आणि शिकागो असा अकरा मॅचचा दौरा, परक्या गावी, परक्या गादीवर झोपून, आणि अकराच्या अकरा जिंकून ते घरी आले. अकरा रात्री परक्या गादीवर काय झोप लागते ते मला विचारा.

लागोपाठ शून्यं आली तर त्यांना एका कंसात घ्या. रॉयल्सची पहिली तीन पानं अशीच: 25 ऑगस्ट 4-0, 26 ला 4-0, 27 ला 12-0. पहिलं शून्य गणेश चतुर्थीचं. सत्तावीस इनिंग एकही पतंग भरला नाही. लिहिताना चक्क कंटाळा येतो, आणि तो कंटाळा हेच उत्तम पिचिंगचं लक्षण. पूर्ण मालिकेत अशी सात शून्यं आहेत. अनंत चतुर्दशीला तेरावी जिंकली, पितृपक्ष लागला तरी थांबायचं नाव नाही. 6 सप्टेंबरला शिकागोत कार्लोस कॅरास्कोनं एकट्यानं पूर्ण मॅच टाकली, 5-1, आणि चौदा झाल्या. आदल्या वर्षीची त्यांची स्वतःची मालिकाही चौदाचीच होती.

रेडिओवरून लिहायचं असेल तर हात जरा वेगळा ठेवावा लागतो. रात्रीचं दूध आणि मॅच एका वेळी आलं की मी टीव्ही बंद करून रेडिओ लावायचे. क्लीव्हलँडच्या मॅच रेडिओवर टॉम हॅमिल्टन सांगतो, 1990 पासून. रेडिओवर ठिपके आणि पिचची बेरीज आधी लिहा, पतंग नंतर. कारण बॉल-स्ट्राइकचा आकडा पुढच्या पिचला जुना होतो, पण रनर कुठं आहे ते सांगणारा पुन्हा सांगतोच. तेव्हा पार्श्वभूमीला ढोल ऐकू यायचा. जॉन अ‍ॅडम्स नावाचा एक प्रेक्षक 1973 पासून मैदानात मोठा ढोल घेऊन बसायचा, 2023 मध्ये तो गेला. ढोल वाजू लागला की क्लीव्हलँडची बॅटिंग आहे आणि काहीतरी शिजतंय असं समजायचं. तिकडं गणपतीच्या दहा दिवसांत मला तेवढाच ढोल मिळाला. माझी वही त्या काळात दोघींची झाली होती. डाव्या पानावर लेक बाळाच्या दुधाच्या वेळा लिहायची, उजव्या पानावर मी. एकदा तिनं चुकून पिचची बेरीज दुधाच्या मिलिलिटरमध्ये धरली आणि घाबरून मला उठवलं. तेव्हा, वही वेगवेगळी ठेवा.

सरावाला कोणती मॅच घ्यावी? सुरुवातीला 12 सप्टेंबरची घ्या. टायगर्सविरुद्ध 2-0, विसावा विजय. पहिल्याच बॅटरला लिंडोरचा होमरन, आणि मग क्लूबरनं नऊच्या नऊ इनिंग एकट्यानं टाकल्या, पाच हिट, शून्य रन. पिचर बदलल्याची जाड रेघ एकही नाही. असं पान वर्षातून कितीदा लिहायला मिळतं? बॉक्स स्कोअर समोर ठेवून टायगर्सचं पान भरा. पाच ठिकाणी पतंगाची बाजू काळी होईल, भरलेला पतंग एकही नाही. आणि शेवटच्या पानावरच्या ओळीत सहाव्या रकान्यात शून्य. हे शून्य नीट बघून ठेवा.

मग एक मॅच सोडून 14 सप्टेंबरची घ्या. रॉयल्स परत आलेले. स्टार्टर जॉश टॉमलिन, पाचांतला सगळ्यांत साधा. त्या हंगामात 10 जिंकल्या, 9 हरल्या. नवव्या इनिंगला रॉयल्स 2-1 नं पुढं. क्लीव्हलँडचे दोन आउट झालेले, लिंडोरवर दोन स्ट्राइक. म्हणजे आणखी एक स्ट्राइक आणि मालिका संपली. त्यानं डावीकडं उंच मारला, अ‍ॅलेक्स गॉर्डननं भिंतीला लागून उडी मारली, चेंडू हातमोज्यावरून भिंतीला लागला. डबल, म्हणजे दोन बेसचा फटका, आणि बरोबरी. माझ्या वहीत त्या चौकात पेन्सिलीचं टोक मोडलंय, कागदाला भोक आहे. मग दहावी इनिंग, जिच्यासाठी मी रकाना ठेवला नव्हता. ती समासात आडवी लिहिली. त्या इनिंगला बुलपेननं रन दिला नाही, आणि खालच्या अर्ध्यात, म्हणजे क्लीव्हलँडच्या बॅटिंगला, जे ब्रूस या बॅटरनं उजव्या रेघेलगत डबल मारून संपवलं. 3-2. आता दोन ओळी वर जा. बुलपेनला मंगळवारी क्लूबरनं पूर्ण सुट्टी दिली होती, आणि गुरुवारी दहाव्या इनिंगला ते उभे होते.

लांब मालिकांची तुलना करायची वेळ आली की एक वाद हमखास निघतो. 1916 मध्ये न्यूयॉर्क जायंट्सनं सलग 26 जिंकल्या असं पुस्तकात आहे, पण मधे एक मॅच पावसामुळे 1-1 अशी अनिर्णित राहिली. 1935 मध्ये शिकागो कब्जनं मधे काही न येता 21. मग 26 मोठं की 22? अनिर्णित मॅचची ओळ लिहा, तिला क्रमांक देऊ नका, एवढा माझा सल्ला. त्या जायंट्सचे सव्वीसही घरच्या मैदानावरचे, आणि एवढं करून ते हंगामाच्या शेवटी चौथे आले. हे ऐकून आमच्या ह्यांनी फोनवर विचारलं, मग उपयोग काय? मी म्हटलं, उपयोगाचं काही बघायचं असेल तर शेअर बाजाराचं पान उघडा.

मालिका तुटली की काय करायचं तेही सांगते, कारण तेव्हा वही बंद करायचा मोह होतो. 15 सप्टेंबरला ट्रेव्हर बॉअरची पाळी होती, तोच 24 ऑगस्टला पहिली मॅच टाकणारा. रॉयल्स 4-3 नं जिंकले. ती ओळही तशीच भरा, सातही रकाने. मी भरली, आणि तिच्या खाली रेघ ओढली नाही. त्यापुढं हंगाम संपेपर्यंत क्लीव्हलँडनं फक्त आणखी तीनच मॅच गमावल्या. 24 ऑगस्टपासून धरलं तर 33 जिंकल्या, 4 हरल्या, एकूण 102 विजय. रेघ ओढली असती तर हे दिसलंच नसतं.

ऑक्टोबरची, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांची, पानं मात्र वेगळ्या वहीत ठेवा. तिथं पाच मॅचची फेरी असते आणि पाळीचा सगळा हिशेब बदलतो. यांकीजविरुद्ध पहिल्या दोन जिंकून क्लीव्हलँड पुढच्या तीन हरलं. पाचव्या मॅचला पिचर होता क्लूबर. यांकीजच्या डीडी ग्रेगोरियसनं त्याला दोन होमरन मारले. त्या पानावर ग्रेगोरियसचे दोन पतंग पूर्ण भरलेत, लाल पेनानं, कारण पेन्सिल नातवानं मुठीत धरली होती आणि सोडत नव्हता.